वळणावरचा आरसा

मी वळणावरचा आरसा बोलतोय. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात ना? पण आंधळ्या वळणाला तो लागतो, असं माणसांना वाटलं, म्हणून मी इथं आहे. गोल, पोट पुढं आलेला, खांबावर टांगलेला.

रस्ता म्हणजे काय, एक गाडी जेमतेम मावेल एवढा. दोन्ही अंगांना पुरुषभर उंच झुडपांचं कुंपण. वळणाला लागून एक घर, त्यात शिंपी नि त्याची बायको. मी यायच्या आधी इथं एक रीत होती. गाडी वळणाशी थांबायची, दोनदा भोंगा द्यायची. पलीकडून उत्तर आलं तर तिथंच उभं राहायचं, नाही आलं तर गोगलगायीसारखं पुढं. दिवसभर पों पों.

शिंपीणबाईचा जीव विटला. "या भोंग्यांपायी एकाच झग्याला दोन डाव्या बाह्या लावल्या मी!"

शिंपी हसायचा. "असू दे गं, डावखुऱ्या गिऱ्हाइकाला देऊ."

तिला काही हसू येईना. तिनं कचेरीत पन्नास खेटे घातले आणि मला आणवलं.

सुरुवातीला माझं केवढं कौतुक! बाई रोज सकाळी स्टुलावर चढून मला चिंधीनं पुसायची. "आता कशी शांतता!" शांतता खरी. भोंगे थांबले, पण गाड्या थांबायच्या त्याही थांबेनाशा झाल्या. माझ्याकडं एक नजर टाकायची नि सुसाट. माझ्या या पोटामुळं गाडी असते त्याहून लहान नि दूर दिसते, हे कुणाच्या ध्यानातच यायचं नाही. मी सांगणार कसं? आरशाला सगळे तोंड दाखवतात, आरशाला तोंड नसतं.

एका सकाळी दाट धुकं पडलं. बाईनं मला पुसलं, पण ती स्टुलावरून उतरते न उतरते तोच मी पुन्हा पांढराफटक. शिंपी सायकलला कोट बांधून निघाला. गिऱ्हाइकाला नऊच्या आत हवा होता.

"जरा धुकं विरू द्या की."

"अगं, आरसा आहे ना. तूच तर आणलायस."

पलीकडून दूधगाडी आली. दूधवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कोरा. त्यानं वेग तसाच ठेवला.

शिंपी जागीच गेला. दूधवाला रस्त्यात बसून रडत होता. "वहिनी, देवाशपथ सांगतो, आरशात कुणी नव्हतं हो!"

बाई कोटावरचा चिखल झाडत होती. म्हणाली, "कुणी नव्हतं, की कुणी दिसत नव्हतं, भाऊ?"



त्यानंतर बाईनं मला कधी पुसलं नाही. आणि कचेरीवाल्यांनी उपाय काय केला? माझ्याशेजारी दुसरा आरसा टांगला, माझ्याहून मोठा. आता गाड्या आणखी जोरात येतात. बाई कुंपणाला अंग घासत जाते-येते, आमच्याकडं मान वर करत नाही. नवऱ्याला आपणच मारलं, असं तिनं मनात घेतलंय. तिची समजूत कोण घालणार? मी?

माझ्या कडेला तडा गेलाय, अर्धं अंग मातकट झालंय. बाबांनो, अरुंद रस्त्यावर वेग एवढाच ठेवा, की दिसतो त्याच्या निम्म्या रस्त्यात गाडी उभी राहील. उरलेला निम्मा समोरच्याचा असतो. माझ्यात कुणी दिसलं तर थांबा, नाही दिसलं तरी हळू या. ऐकताय ना?

तो बघा, एक आलाच. नजर माझ्यावर आहे. पाय मात्र तसाच दाबलेला.