जुन्या कोडच्या दोन पिशव्या

"पुस्तक घेताना एकदा विचार कर, नाकारताना तीनदा," निवृत्त होताना आधीच्या ग्रंथपाल म्हणाल्या होत्या. नव्या ग्रंथपाल बाईंनी अशी मान डोलावली, की तीनच काय, तेरा वेळा विचार करायची सवय असावी.

विद्यापीठात स्थापत्य विभागाचा संग्रह उभारायचं काम अंगावर आलं, तेव्हा काँक्रीट करडं असतं आणि डोक्यात पडलं तर लागतं, एवढंच बाईंना ठाऊक होतं. उत्साह मात्र दांडगा. बांधकामाचे नियम सांगणारे 'कोड' त्यांनी सगळे नवेकोरे मागवले.

गेल्या महिन्यात बांधकामांवर देखरेख करणारे एक निवृत्त ओव्हरसियर काका दोन पिशव्या भरून जुने कोड द्यायला आले. समासात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. कुणाला कडू बोलायचं नाही, हा बाईंचा रोजचा नेम. म्हणून त्यांनी साखरेत घोळून सांगितलं, "काका, नवी आवृत्ती आली की जुनी बाद होते हो. आठवण म्हणून घरीच ठेवा." काका "बरं" म्हणाले आणि पिशव्या उचलून गेले. नेम मोडला नाही म्हणून बाईंनी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आज पूल शिकवणारे सर आले. "बाई, आवारातल्या पादचारी पुलाची परवा तपासणी आहे. पोरं रोज जातात त्यावरून. तो बांधला तेव्हाचा कोड द्या."

"ही घ्या, ताजी आवृत्ती!"

"अहो, आजीच्या हाडांची चौकशी चाललीये, तुम्ही नातीची पत्रिका काय देताय? तेव्हा सळया किती घालत, ते तेव्हाच्याच पुस्तकात. आमची प्रत वाळवीने वाचून संपवली."

बाईंच्या डोळ्यांपुढे काकांच्या दोन पिशव्या आल्या. "उद्या सकाळी तुमच्या टेबलावर असेल," असं कोणीतरी म्हणालं. त्याच म्हणाल्या होत्या.

सर गेल्यावर दाराशी बसलेल्या शिपाई मामांनी तोंड उघडलं. "ते पिशवीवाले काका आता कशाला देतील? त्या दिवशी जिन्यात बसून राहिले होते किती वेळ. मीच पाणी दिलं."

म्हणजे नेम आपला, आणि उपास घडला काकांना, बाईंच्या मनात आलं.

सुट्टी झाल्यावर त्यांनी डोळ्यांसमोरच्या फळीवरची चकचकीत पुस्तकं तळाच्या फळीवर सरकवली. ती फळी पुसून रिकामी ठेवली. दारावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वहीतून काकांचा पत्ता उतरवून घेतला. पुस्तकं आणायला रिकाम्या पिशव्या मात्र बरोबर घेतल्या नाहीत. मागायला आलेय असं दिसायला नको, आधी माफी तरी मागावी. जिन्यात काका बसले असतील असं वाटलं, त्या पायरीवर पाय न देता त्या सावकाश खाली उतरल्या आणि काकांच्या घराच्या दिशेने चालू लागल्या.