गेलोरे काका मूळचे कुठले

प्रबंधाचा विषय निवडणं म्हणजे डोक्याला ताप, हे समाजशास्त्र विभागातल्या सगळ्या पोरांचं एकमत होतं. त्या वर्षी विभागाने ठरवलं, सगळ्यांनी इंटरनेट आणि समाज यातलाच विषय घ्यायचा. पोरांना आधी वाटलं, चला, फावलं! एरवीही दिवसभर फोनमध्ये तोंड खुपसून बसतोच, आता त्याचे गुण मिळणार. पण मॅडम खमक्या होत्या. कुणी "ट्रोलिंग" म्हटलं की त्या विचारायच्या, "कुणाचं? कुठलं? तुला त्यात नेमकं काय कळत नाहीये?" आणि समोरच्याची दातखीळ बसायची.

वर त्यांचा एक जगावेगळा नियम होता. विषय आधी घरी जेवताना सांगायचा. घरच्यांपैकी कुणी त्यावर आपणहून प्रश्न विचारला, तरच तो विषय विभागात आणायचा. "ज्यावर घरातलं माणूस एक प्रश्न विचारत नाही, तो विषय नव्हे, ती जांभई," असं त्या म्हणायच्या. या नियमापायी कित्येक घरांत भलत्या विषयांवर जेवणं थंड झाली होती.

आपल्या गोष्टीतल्या मुलीला कॉलेजात कोणत्या नावाने हाक मारत, ते आपल्याला नको. घरी तिला भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी बसेल तर शपथ. हे नाव घराच्या उंबऱ्याबाहेर गेलेलं नव्हतं आणि जाऊ नये याची ती चांगलीच काळजी घ्यायची.

भिंगरीला विषय सुचला तो स्टिकरवरून. गेलोरे काका कुणाला माहीत नाहीत? हिरव्या रेघांनी काढलेला जाड मिशांचा माणूस, दोन्ही हात डोक्याला, डोळे बाहेर, तोंड असं उघडं की आत बस शिरावी. खाली लिहिलेलं, गेलो रे! पेपर अवघड गेला, टाका गेलोरे काका. दूध उतू गेलं, गेलोरे काका. त्यांची गाण्यावर नाचवलेली क्लिप होती, त्यांचे छापील शर्ट होते, परदेशातली पोरंही आपल्या भाषेत वाक्य घालून ते वापरत. भिंगरी तर घरच्या ग्रुपवर उठताबसता पाठवायची. बस चुकली की पाठव, भूक लागली की पाठव. बाबांचं उत्तर ठरलेलं, एक अंगठा. आई काहीच उत्तर द्यायची नाही, पण आईला फोनचा कंटाळाच होता, असं भिंगरीचं मत.

त्या रात्री ताटं वाढून झाल्यावर भिंगरीने सुरुवात केली.

"बाबा, गेलोरे काका माहीत आहेत ना?"

"तू पाठवतेस तेच ना?"

"तेच. जगभर फिरतात, पण ते मूळचे कुठले, कुणालाच माहीत नाही. मी शोधून काढणार. माझा विषयच तो."

आईच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. बाबा घास चावत राहिले. बाबा पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, मग घसा बिघडला म्हणून नोकरी सोडली आणि आता घरी बसून प्रकाशकासाठी उत्तरपुस्तिका तपासायचे. एका घासाला इतका वेळ लावणारा माणूस नव्हता तो.

"शोधून काय करणार?" शेवटी त्यांनी विचारलं.

भिंगरीने टाळीच वाजवली. "विचारलात! प्रश्न विचारलात! विषय पास!"

"अगं, मी सहज म्हटलं. दुसरं काही नाही का? लोक ऑनलाइन खरेदी कशी करतात, वगैरे?"

"त्यावर तुम्ही जांभई दिली असती."

"काही विषय ज्याचे त्याच्याजवळ राहू द्यावेत," आई म्हणाली आणि अर्धवट जेवून उठली. भिंगरीला वाटलं, आईचं हल्ली बिनसलेलंच असतं. बाबांना या जगातलं काय कळतंय, असंही वाटलं, आणि ते मात्र तिने बोलूनही दाखवलं. बाबा नुसते हसले.

विभागात तिने पडद्यावर एकामागून एक गेलोरे काका दाखवले, तेव्हा वर्ग हसून लोटपोट झाला. मॅडमनीही डोळे पुसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "विषय चांगला आहे. पण हा माणूस कोण आणि हे तोंड त्याने का केलं, हे आधी शोध. नाहीतर तू नुसती चित्रं गोळा करत बसशील. सोमवारपर्यंत काहीतरी आण. नाही मिळालं तर ग्रंथालयातली वाचकसंख्या आहेच."

ग्रंथालयातली वाचकसंख्या हा विषय, विभागाने काहीही ठरवलेलं असो, दर वर्षी कुणाच्या तरी गळ्यात पडायचाच. भिंगरी इरेला पेटली आणि तिने ढापण्याला गाठलं. ढापण्या म्हणजे तिच्या वर्गातला जाड भिंगांचा मुलगा, जुन्या क्लिपांची पाळंमुळं खणून काढण्यात पटाईत. दोघं दुपारी विभागाच्या संगणकखोलीत ठाण मांडून बसले. स्टिकर निघाला होता नाचऱ्या क्लिपवरून. नाचरी क्लिप निघाली होती एका आवाज नसलेल्या तुकड्यावरून. त्यात चित्र उलटं केलेलं होतं, उजव्याचं डावं, वर चेहरा धुरकट. आणि तो तुकडा कापला होता एका लांब व्हिडिओतून, जो कुणा हौशी माणसाने जुन्या बातम्यांच्या ढिगात सांभाळून ठेवला होता.

"सापडले गं तुझे काका," ढापण्या म्हणाला आणि त्याने आवाज वाढवला.

व्हिडिओ हलत होता. काढणारा माणूस धापा टाकत होता. कुठल्याशा पोहण्याच्या तलावाचं आवार, ओल्या फरशा, आणि कपडे बदलायची पत्र्याची शेड भुईसपाट झालेली. लोक पत्रे उचलत होते. पोहण्याच्या कपड्यांतली पोरं रडत होती. फरशीवर एक पांढरी चादर अंथरलेली होती आणि चादर सपाट नव्हती. भिंगरीचं हसू मावळलं. गर्दीतून एक मिशीवाला माणूस धावत आला, बाहीला खडू लागलेला, तो समोर येईल त्याचा दंड धरून विचारत होता, मग पत्र्यांकडे धावत होता, आणि सारखा ओरडत होता.

"भिंगरी! ए भिंगरी! भिंगरे!"

"भिंगरी?" ढापण्या म्हणाला. "कुत्रं हरवलं होतं की काय काकांचं?"

भिंगरीच्या पायाखालची जमीन सरकली. तो आवाज तिने रोज ऐकला होता, अंघोळीला उशीर झाल्यावर, चहा झाल्यावर, दारातून आत येताना. मिशी काढली, वजन उतरवलं, चष्मा लावला की बाबाच उरत होते. पडद्यावर बाबांनी दोन्ही हात डोक्याला लावले, डोळे फाटले, तोंड उघडलं, आणि व्हिडिओ संपला. ढापण्या हसत होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हसायचा थांबला.

"काय झालं गं?"

तिने पिशवी उचलली आणि चालू लागली.

रस्त्यात तिला तो दिवस आठवत राहिला. म्हणजे जेवढा होता तेवढाच, कारण तेव्हा ती तिसरीत होती. पाण्यात उडी मारायची नव्हती, म्हणून ती पंपाच्या खोलीमागे लपली होती. मोठा आवाज झाला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तर समोर बाबा. त्यांनी इतकं घट्ट धरलं की टोपी निघाली, म्हणून ती रुसली होती. घरी सांगण्यात आलं, शेड पडली, कुणाला फार लागलं नाही. तिला पाण्यात श्वास धरायला शिकवणारा एक मुलगा नंतर कधी दिसला नाही. त्याने शाळा बदलली, असं आईने सांगितलं होतं. निरोप न घेता गेला म्हणून भिंगरीने त्याच्यावर कितीतरी दिवस राग धरला होता. आता तिला ती चादर दिसत होती. तिने रस्त्यातच थांबून मॅडमना कळवलं, विषय सोडला, वाचकसंख्या घेते.

दार आईने उघडलं. भिंगरीचं तोंड बघून तिला काही विचारावं लागलं नाही.

"सापडलं वाटतं," आई म्हणाली.

"मला का नाही सांगितलंत? मी रोज पाठवत होते, आई! रोज! बाबांना बाबांचंच..."

"काय सांगायचं होतं तुला? तू हरवलीस समजून बाबा धावले, जगाने त्यांचं माकड केलं, वर्गातली पोरं फळ्याकडे पाठ फिरली की तसलं तोंड करायला लागली, म्हणून त्यांनी नोकरी सोडली? घसा कुठला नि काय कुठलं! तू सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं असतंस. त्यांनीच मला शपथ घातली. मी त्या ग्रुपकडे बघतच नाही मग."

आपल्याच फोनची भिंगरीला किळस आली. बाबांच्या आयुष्यातला सगळ्यांत भयंकर क्षण तिने दूध उतू गेलं म्हणून वापरला होता, आणि बाबांनी दर वेळी अंगठा दाखवला होता.

बाबा आतल्या खोलीत टेबलाशी होते. सगळं ऐकू गेलंच होतं. भिंगरी दारात जाऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी विषय सोडला," ती म्हणाली. "मॅडमना कळवलंसुद्धा. बाबा, मला माहीत असतं ना, तर मी मेले तरी... तुम्हाला वाटलं मी त्या पत्र्यांखाली आहे, आणि तुमचं ते तोंड मी..."

ती हमसून हमसून रडायला लागली.

"बस इथे. बस आधी." बाबांनी खुर्ची ओढली. "एक सांगू? सगळं जग चुकलंय, आणि तूही चुकतेस. ते तोंड तेव्हाचं नाही."

"म्हणजे?"

"तू सापडत नव्हतीस, तेव्हा मी ओरडत होतो, पळत होतो. तेव्हा तोंडाकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता? ते तोंड तू पंपाच्या खोलीमागून बाहेर आलीस तेव्हाचं आहे. टोपी कानावर, एका पायात चप्पल. मला तू दिसलीस आणि माझं असं झालं. लोक खाली 'गेलो रे' लिहितात. मी गेलो नव्हतो गं, मला सगळं परत मिळालं होतं."

भिंगरी त्यांच्याकडे बघतच राहिली. रडू जागच्या जागी थांबलं. जगातला सगळ्यांत फजीत माणूस म्हणून ज्याला लाखो लोक ओळखत होते, तो आनंदाने वेडा झालेला माणूस होता, आणि तो आनंद म्हणजे ती होती!

"मग तुम्ही पोरांच्या चिडवण्याने नोकरी सोडलीत ती?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. तिथे आई उभी होती.

"चिडवण्याने नाही. पोरं चिडवणारच, मी काय कमी चिडवलं होतं माझ्या मास्तरांना? पण एकेक पोरगं ते तोंड करायचं आणि मला ते आवार दिसायचं. माझ्या शेजारी फरशीवर एक बाई बसली होती. तिचा मुलगा त्या चादरीखाली होता. तुला श्वास धरायला शिकवायचा तो. ती बाई तिथे बसलेली, आणि तिच्या डोक्याशी उभा राहून मी आनंदाने बोंबललो. भान म्हणून राहिलं नाही मला. तुला उचललं आणि तिच्याकडे न बघता निघालो. मग त्याच वयाच्या मुलांसमोर उभं राहवेना."

"हे तुम्ही मलाही नाही सांगितलंत," आई दारातून म्हणाली. तिचा आवाज पार खाली गेला होता.

"काय सांगणार होतो?"

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती काही केल्या सुरू होत नव्हती.

"विषय तू घे किंवा सोड," बाबा म्हणाले. "माझी हरकत कधीच नव्हती. मला एकच भीती होती, तू मूळ शोधशील आणि त्यात ती असेल. छोट्या तुकड्यात नाहीये ती, मी बघितलंय. लांब व्हिडिओ मी कधी उघडला नाही. हिंमतच झाली नाही. तू बघितलास ना? आहे का ती त्यात?"

भिंगरीने बाई पाहिलीच नव्हती. बाबा दिसल्यावर तिला दुसरं काही दिसलंच नव्हतं. तिने फोन काढला, ढापण्याने मागाहून पाठवलेला व्हिडिओ उघडला आणि आवाज बंद केला. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. शेड, पत्रे, रडणारी पोरं. बाबा धावतात, दंड धरतात, ओरडतात. मग शेवटची काही क्षणांची चित्रं, आणि पडद्याच्या अगदी कडेला, ओल्या फरशीवर बसलेली एक बाई, एक हात चादरीवर.

भिंगरीने ते पुन्हा लावलं. बाबांचं तोंड उघडतं. त्या आवाजाने बाई मान वर करून आधी बाबांकडे बघते. मग ते जिकडे बघताहेत तिकडे मान वळवते, आणि तशीच राहते. व्हिडिओ संपतो.

"आहे?" बाबांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"आहे."

"रडतेय?"

"नाही." भिंगरीने फोन पालथा ठेवला. "माझ्याकडे बघतेय, बाबा."