तिसरा खून चुकवू नका

मी एक जुनी सीडी आहे. खरं तर डीव्हीडी, पण दुकानात सगळे मला सीडीच म्हणत, म्हणून मलाही तीच सवय लागली. माझ्या काठाचा टवका उडालेला आहे आणि पाठीवर एका लहान हाताचे चिकट ठसे आहेत. मित्रांनो, माझी गोष्ट जरा भीतीची आहे. ऐकताना कुणीतरी मोठं माणूस जवळ असू द्या.

माझा जन्मच दणक्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात पडलं, यंत्रानं ते धाडकन दाबलं, आणि त्या एका दाबात माझ्या अंगावर एका माणसाची सगळी कर्मं उमटली. लोक त्याला हातोडीवाला म्हणत. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन कामावरून परतणारी बाई तो हेरायचा, कारण भरलेले हात डोक्याकडे जायला वेळ लागतो. मग मागून घाव घालायचा. बाई गुडघ्यांवर कोसळायची, तरी त्याचा हात थांबायचा नाही. हे सगळं खरं घडलेलं होतं. माझ्यात ते नटांनी पुन्हा करून दाखवलं होतं, वर संगीतही होतं.

मी सीडी भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात आले. गल्ल्यावर काकू बसायच्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, स्वभाव लाघवी. खऱ्या गुन्ह्यांचे माहितीपट त्यांना तोंडपाठ होते. गिऱ्हाईक आलं की भाजी निवडून द्यावी तसे त्या खुनी निवडून द्यायच्या.

"काकू, झोप उडेल असं काहीतरी द्या."

"विहिरीवाला बघितलास? मग विषवाली घे. साधी आहे, संसारी माणसांना बरी."

"आणि हातोडीवाला?"

"तो एकट्यानं बघायचा नाही हं. आई ओरडली तर माझं नाव सांगू नकोस!"

प्रत्येक सीडीच्या डबीवर त्या स्वतःच्या अक्षरात शिफारशीची चिठ्ठी चिकटवत. माझ्यावर त्यांनी लिहिलं होतं : 'तिसरा खून चुकवू नका!' या चिठ्ठीनं माझं नशीब फळफळलं. मी फळीवर टिकेनाशी झाले. एका घरून आले की दुसऱ्या घरी. लोक कांदे चिरता चिरता मला बघत, जेवता जेवता बघत. तिसरा खून आला की कुणीतरी म्हणे, "मागे घे रे, परत दाखव." एकाच बाईला मी किती वेळा मारलं, देव जाणे. मला मात्र माझी केवढी वाहवा होते आहे असंच वाटायचं.

मग एकदा कडेवर पोर घेतलेली एक तरुण बाई दुकानात आली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिनं माझी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"घाबरलीस होय? पोरीला झोपव आणि मग बघ," काकू म्हणाल्या.

तिनं मला घरी नेलं. पोरीला मांडीवर घेऊन मला लावलं आणि रिमोटवर अंगठा रोखून बसली. तिसऱ्या खुनाच्या आधी माझ्यात एक लहानसा, नटांचा नव्हे, खराखुरा तुकडा आहे. शेजारच्यांनी नवा कॅमेरा आणला तेव्हा सहज टिपलेला. एक शिवणकाम करणारी बाई छोट्या मुलीच्या अंगावर फ्रॉक बेततेय. तोंडात टाचण्या धरून, दातांतल्या दातांत म्हणतेय, "हलू नकोस गं, टोचेल." आणि हसतेय. मुलीची फक्त पाठ दिसते.

ती पाठ रिमोट धरून बसलेल्या बाईची होती. शिवणारी तिची आई. आईचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच उरलेला नव्हता.

"आज्जी बघ. आज्जी बोलली," ती रोज पोरीला सांगायची, आणि पुढच्याच क्षणी बटण दाबायची. कारण त्याला लागूनच ती गल्ली होती, ती हातोडी होती, आणि रस्त्यावर रक्तात विखुरलेल्या टाचण्या होत्या. अंगठा जरा चुकला असता तर पोरीनं आजीला पहिल्यांदा भेटता भेटताच मरताना पाहिलं असतं. म्हणून ती मला परत करेना. माझ्यावाचून तिचं चालेना, आणि तिला वाटणारी माझी भीतीही जाईना.

इकडे गिऱ्हाइकांनी काकूंचं डोकं खाल्लं. शेवटी एका दुपारी काकू स्वतःच तिच्या दारात उभ्या राहिल्या.

"अगं बाई, सीडी नेलीस की दत्तक घेतलीस?"

ती पाणी आणायला आत वळली. पडद्यावर मी थांबलेली होते. शिवणारी बाई, तोंडात टाचण्या. पोर खाली बसून टकमक बघत होती.

"अय्या, इथंच थांबलीस? खरी मजा तर आता आहे!" काकूंनी कौतुकानं रिमोट उचलला आणि बटण दाबलं.

हातोडी खाली आली. कवटीचा आवाज खोलीभर झाला. पोर किंचाळली.

तिच्या आईच्या हातून पाण्याचा तांब्या सुटला. ती धावत आली आणि काकूंच्या थोबाडीत अशी सणसणीत ठेवून दिली की चष्मा दोरीला लोंबकळला. मग तिनं यंत्राचा कप्पा ओरबाडून मला बाहेर खेचलं आणि भिंतीवर फेकलं. माझा टवका तेव्हाच उडाला.

"मजा? ती माझी आई आहे! तुमचा तिसरा खून माझी आई आहे!"

काकूंचा हात गालावर गेला, तो तिथेच राहिला. पोर हुंदके देत होती. काकू खाली बसल्या, मला उचललं, पदरानं पुसलं. डबीवरची चिठ्ठी नखानं खरवडायला घेतली. ती निघता निघत नव्हती.

"बघू दे, चालते का," त्या पुटपुटल्या. "पोरीला आत ने."

मित्रांनो, सीडीची सुरुवात मधोमध असते आणि शेवट काठाकडे; तिसरा खून माझ्यात अगदी शेवटी होता. माझा काठ तुटला होता. मी अडखळत फिरले, शिवणाऱ्या बाईपर्यंत पोचले, "हलू नकोस गं, टोचेल" म्हणाले आणि थांबले. पुढचं मला येईचना.

"राहू दे तुझ्याकडेच," काकू म्हणाल्या. "परत नको."

आता दुकानात कुणी हातोडीवाला मागितला तर काकू म्हणतात, "तो फुटला. बस, त्या शिवणवालीचं सांगते." असं त्यांनीच इथं येऊन सांगितलं. त्या येतात अधूनमधून. पोरीची आई अजून त्यांना बस म्हणत नाही, पण दार उघडते.

माझ्या डबीवर छापलं होतं, 'काठाला धरा, मध्ये बोटं लावू नका.' मेलेल्या माणसांची गोष्टही अशीच धरा, एवढंच माझं मागणं. असं काही बघा, दुसऱ्यालाही जरूर सांगा. पण सांगताना मारणाऱ्यापाशी सुरू करू नका.

पोर आता मला स्वतःच लावते. आईला अंगठा रोखावा लागत नाही. काल बाहुलीला फडकं गुंडाळताना पोर ओठ घट्ट मिटून, दातांतल्या दातांत म्हणाली, "हलू नकोश गं, तोचेल."