तिडके टीचरचं वळण

"सगळ्यांनी मुद्दाम केलंय का हे?" तिडके टीचरने वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

दुसरी 'ब'चा वर्ग चिडीचूप झाला. चाळीस चाररेघी वह्या तिने नुकत्याच पाहिल्या होत्या. प्रत्येक वहीत कर्सिव्ह 'एल'च्या उभ्या रेघेला बारीक बारीक लाटा. सगळीकडे तेच.

"वेदिका, तू सांग. थंडी वाजल्यासारखं अक्षर का काढलंस?"

वेदिका काठे वर्गातली सगळ्यात नीटनेटकी मुलगी. ती उभी राहिली आणि तिने फळ्याकडे बोट दाखवलं. "टीचर, तुम्ही काढलं तसंच काढलं."

शुभांगी तिडके वळली. लिहिताना ती फळ्याला खेटून उभी असायची, आणि लिहून झालं की मुलांकडे तोंड. मुलांच्या जागेवरून तिने फळा किती महिन्यांत पाहिला नव्हता! आज पाहिला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिचं अक्षर कापत होतं. मुलांनी इमानदारीने उतरवून घेतलं होतं.

मखमलाबादच्या गुलाबाच्या मळ्यात वाढलेली, मराठी शाळेत शिकलेली ही बाई. लग्न होऊन एकलहऱ्याच्या कॉलनीत आली आणि शेजारणीच्या पोरीच्या जुन्या पुस्तकावरून दुपारभर कर्सिव्ह गिरवत बसू लागली. इंग्रजी शाळेत मुलाखतीला गेली तेव्हा तिला धड चार वाक्यं बोलता आली नव्हती. मग त्यांनी फळ्यावर एक ओळ लिहायला सांगितली. ती ओळ पाहूनच नोकरी मिळाली. त्याला सव्वीस वर्षं झाली. शाळेतलं एकेक प्रमाणपत्र तिच्या हातचं. स्टाफरूममध्ये तिच्या इंग्रजीला हसणाऱ्या बायाही घरच्या लग्नपत्रिकांवर नावं घालायला तिच्याकडेच यायच्या.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिला कोऱ्या कागदावर जिलबीसारखी गोल गोल रेघ काढायला लावली.

"हाताला कधीपासून होतंय?"

"उन्हाळ्यापासून. मला वाटलं, खडू वाईट आलाय."

ते हसले नाहीत. कंपवात आहे म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या.

"अक्षर परत येईल ना?"

"हिंडणं-फिरणं, घरचं सगळं बरीच वर्षं सांभाळता येईल," डॉक्टर म्हणाले. अक्षराचं ते काहीच बोलले नाहीत.

येताना स्कूटरवर तिचा नवरा धनराज मान मागे वळवून म्हणाला, "लय मनाला लावून घेऊ नको. आता हातानं लिहितंय कोण? मोबाइलसमोर बोललं तरी टाइप होतंय." तो समजूतच घालत होता. शुभांगीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता; तिथेही तो थरथरत होता. त्याला ते कळत असणार.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल साधना मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"टीचर, पालकांचे फोन येतायत. एकीने तर मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तुमची काही चूक नाही हो. पण आता स्मार्ट बोर्डवर सगळं येतं. अक्षर आपोआप निघतं, मुलांनी नुसतं बघून काढायचं. तुम्ही लायब्ररी सांभाळा."

"मॅडम, मला आठ दिवस द्या. पोरांचा हात माझ्यामुळे बिघडलाय. मीच नीट करून देते."

मॅडमनी दिले आठ दिवस. शुभांगीने फळ्याला हात लावला नाही. आपल्या जुन्या, चांगल्या अक्षराच्या झेरॉक्स वाटल्या, मुलांना त्यावरून गिरवायला लावलं. मुलंच ती, पाच-सहा दिवसांत बहुतेकांच्या रेघा सरळ झाल्या. वेदिकाच्या झाल्या नाहीत. जे दिसेल ते हुबेहूब उतरवणारी पोर, तिच्या बोटांत ती लाट पक्की बसली होती.

आठव्या दिवशी शुभांगी तिच्या बाकावर टेकली, तिची मूठ आपल्या मुठीत धरली आणि 'एल' काढू लागली. पेन्सिल वर गेली, वळली, खाली आली. वरून खालपर्यंत लाटा. वेदिकाने मान वर केली. तिचा चेहरा फुलला होता.

"आता बरोबर आला टीचर! एकदम तुमच्यासारखा."

शुभांगीने हात सोडला. "हो," ती म्हणाली. "छान आलाय."

लायब्ररीत ती गेलीच नाही. राजीनामा धनराजने टाइप करून आणला होता. तो घेऊन ती क्लार्क मल्हारीपुढे बसली. मल्हारीने सर्व्हिस बुक उघडलं. नोकरीच्या पहिल्या दिवसाची तिची सही होती त्यात; 'एस'ची शेपटी नावाखालून वळसा घेऊन पुन्हा वर चढलेली. तिने अर्जावर सही केली. मल्हारीने दोन्ही सह्या पाहिल्या आणि अर्जाची दुसरी प्रत पुढे सरकवली. दुसरी सही मुंगीएवढी झाली. तिसरी त्याहून बारीक.

मल्हारीने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "टीचर, ट्रस्टच्या ऑफिसातून परत पाठवतील हो. राग मानू नका, पण..." आणि त्याने खणातून शाईचा पॅड काढला.

तिचा अंगठा त्यानेच धरला, पॅडवर दाबला, कागदावर टेकवला. ठसा स्वच्छ उमटला.

"थांबा, पुसायला काहीतरी देतो," म्हणत तो कपाटाकडे वळला. फडकं घेऊन परत आला तेव्हा शुभांगी दारापर्यंत पोचली होती. मळ्यातल्या मजूर बाया अंगठा दिल्यावर पुसायच्या तसा अंगठा तिने कानामागच्या केसांना पुसून टाकला होता.