सैमिनचा तुआतुआ

सुरिनाममधल्या पारामारिबोच्या मैदानात रविवारी सकाळी गाण्याच्या स्पर्धेसाठी पाखरांचे पिंजरे टांगले की माणसं गप्प होतात. तिथे मी फळ्यावर रेघा मारतो. एक तान, एक रेघ. वीस वर्षांत माझ्या कानाबद्दल कुणी ब्र काढलेला नाही.

पिकोलेट म्हणजे तांबूस पोटाचं, नाजूक चोचीचं पाखरू, शीळ लांबलचक. तुआतुआ काळा, चोच अडकित्त्यासारखी, आवाज जाड नि तुटक. दोघांच्या स्पर्धा वेगळ्या. तुआतुआने पिकोलेटची शीळ घातली तर रेघ नाही.

माझा मित्र सैमिन सुतार. बायको गेल्यापासून त्याला घरात सोबत एकच, म्हातारं पिकोलेट. गेल्या वर्षी त्याने तुआतुआचं पिल्लू आणलं आणि पिकोलेटशेजारीच टांगलं. पिल्लू ऐकेल तेच शिकतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण एकट्या माणसाला सांगणार कोण?

"सैमिनभाऊ, हा गातो की नुसता खातो?" एका रविवारी मैदानात हेस्डीने डिवचलं. त्याचा तुआतुआ तीन वर्षं अजिंक्य.

सैमिन भडकला. "हरलो तर माझं पिकोलेट तुझं!"

मी त्याला बाजूला ओढलं. "डोकं फिरलंय का तुझं? तुझा कुणाची शीळ घालतो?"

"घरी दोन्ही गातो. समोर जातभाई दिसला की जातीवर येईल."

दहा मिनिटं. हेस्डीच्या पाखराच्या अकरा रेघा झाल्या. सैमिनचा दांडीवर गप्प. सातव्या मिनिटाला त्याने मान वर केली, आणि सैमिनने माझा दंड धरला.

पाखरू गायलं. लांबलचक, गोड, अस्सल पिकोलेट. थांबेचना. इतकं सुरेल मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. खडू फळ्याला टेकला होता. सगळं मैदान माझ्या हाताकडे बघत होतं, आणि मला त्या क्षणी बहिरं व्हावंसं वाटलं.

"ओढ ना रेघ," सैमिन पुटपुटला. "मास्तर, एवढ्या वर्षांची दोस्ती आपली."

मी शून्य लिहिलं.

सैमिनने पिकोलेटचा पिंजरा स्वतः हेस्डीच्या गाडीत ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

तीन दिवस धीर झाला नाही. चौथ्या दिवशी त्याच्या दारात गेलो, तर आत पिकोलेट गात होतं. हेस्डीला दया आली म्हणायची, असं वाटून मी हसतच आत शिरलो.

खिडकीत तुआतुआ होता. त्याच्यासमोर स्टुलावर सैमिन बसला होता, डोळे पुसत.

"ये मास्तर," तो म्हणाला. "आता लिही शून्य."