निळ्या ड्रमचं पोट फुगलं तेव्हा

मित्रांनो, जरा लांबच बसा. माझ्या अंगाला वास येतो, हे मला ठाऊक आहे. पण आज बोलायची लहर आलीये, तर ऐकून घ्या. मी एक जुना निळा ड्रम. दोनशे लिटरचं पोट, वर लोखंडी कड्याने आवळायचं झाकण आणि त्या झाकणाला एक भलामोठा पोचा. त्या पोच्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून निघालो आणि लगेच माझ्यात भांडी घासायचा पातळ साबण भरला. काय तो सुगंध, लिंबाचा! त्या दिवसांत मी स्वतःला फार शहाणा समजायचो. साबण संपला आणि माझी रवानगी एका प्रशिक्षण केंद्राच्या परसात झाली. तिथे दोन वर्षं नुसता पडून होतो. पोटात पावसाचं पाणी, पाण्यात बेडकांची पिल्लं. कुणी ढुंकून बघत नव्हतं, आणि मला त्याचा मनापासून राग यायचा.

केंद्रात दर वर्षी नव्याने पदवी घेतलेली पोरंपोरी यायची. छोट्या शेतकऱ्यांना विषारी फवारे कमी करायला, माती जिवंत ठेवायला, एकमेकांना धरून राहणारी पिकं शेजारी लावायला मदत कशी करायची, ते त्यांना शिकवत. या विद्येचं नाव 'कृषिपरिस्थितिकी'. शिकवणाऱ्या सरांनी ते नाव जन्मात कधी पुरतं उच्चारलं नाही. सरांना प्रत्येक वाक्याचं शेपूट गिळायची सवय होती, म्हणून पोरं त्यांना मागून 'अर्धे सर' म्हणत. आता आपल्या भाषेतला नकार बसतो नेमका शेवटी. सर सांगायचे, "पालापाचोळा जाळायचा..." आणि 'नाही' मिशीत विरून जायचं. एका वर्षी एका गुणी पोराने अख्खा ढीग पेटवून दिला आणि सर म्हणतील शाबास म्हणून वाट बघत उभा राहिला!

त्याच वर्गात एक मुलगी होती. सर खोकले तरी ती वहीत उतरवून घ्यायची, म्हणून तिचं नाव वहीताई. हुशार, कष्टाळू, पण प्रश्न विचारायला भारी लाजायची. विचारलं तर आपल्याला येत नाही असं दिसेल, ही तिची भीती.

सहा महिन्यांच्या शेवटी परीक्षा होती, पण कागदावरची नव्हे. प्रत्येकाने एक शेतकरी शोधायचा, आणि त्याने आपल्या खुशीने दोन वाफे एका हंगामासाठी या पद्धतीला द्यायचे. जमलं तर प्रमाणपत्र आणि गावोगाव फिरायची नोकरी. नाही जमलं तर घरी. बाकी सगळ्यांचं जमलं. वहीताई राहिली. तिच्या वाट्याला आल्या होत्या घेवडा लावणाऱ्या एक काकू. सात वेळा ती गेली, सात वेळा काकू म्हणाल्या, "बघू." आणि 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आठव्यांदा ती मलाच टेम्पोत घालून घेऊन गेली.

"काकू, खत इथेच बनवून दाखवते. शनिवारी सर येतायत. मग तुम्ही ठरवा."

"ठेव तुझा ड्रम गोठ्यापाशी," काकू म्हणाल्या. "ठेवायला काय जातंय? वाफ्यांचं मात्र बघू."

मग माझ्या पोटात शेण, गोमूत्र, गूळ, पीठ, बांधावरची मूठभर माती आणि पाणी पडलं. लिंबाच्या सुगंधाची सवय झालेला मी! मला अगदी मळमळून आलं. पण तासाभरात आत काहीतरी जिवंत हलायला लागलं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. आता वहीताईने वही उघडली. तिथे सरांचं वाक्य लिहिलेलं होतं: 'झाकण हवाबंद.' झालं! तिने झाकण ठेवलं, कडं आवळलं आणि वर एक धोंडा ठेवला. पुढे लिहिलं होतं, 'रोज दोनदा ढवळणे.' आता हवाबंद ड्रम ढवळायचा कसा? दुसरी कुणी असती तर सरांना फोन केला असता. हिने मला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि सकाळ-संध्याकाळ गदागदा हलवलं. चार दिवस! भर उन्हात!

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल? पोट टम्म. आतून सारखं गुडगुड, गुडगुड. गोठ्याच्या सावलीत काकूंचे सासरे खुर्ची टाकून बसायचे. पोटाच्या दुखण्यातला त्यांचा अनुभव दांडगा. शुक्रवारी ते उठले, माझ्या अंगावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, ह्याला गॅस झालाय."

"आजोबा, वहीत हवाबंदच लिहिलंय."

"वहीला पोट नसतं गं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची दहा हात लांब सरकवली.

शनिवार उजाडला. अर्धे सर आले, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. वहीताई माझ्या शेजारी उभी राहून वहीतून वाचायला लागली. मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा. अकराव्या मुद्द्याला काकूंनी जांभई दिली. बाराव्याला वहीताईने धोंडा उतरवला, कड्याला हात घातला, आणि मला काही आवरलं नाही.

धडाम!

झाकण गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन आपटलं. सरांचा शर्ट शर्ट राहिला नाही. काकूंच्या केसांतून शेण ओघळत होतं. वहीताईचा चष्मा कुठे गेला, कळेना. गाय हंबरली. आणि मग तो चमत्कार घडला, जो केंद्रात कुणी कधी पाहिला नव्हता. सरांनी वाक्य पूर्ण केलं.

"झाकण हवं, बंद नको! माशी जाऊ नये म्हणून झाकण हवं, वारं खेळावं म्हणून बंद नको! असं सांगितलं होतं मी!"

वहीताईचा चेहरा पडला. प्रमाणपत्र गेलं, नोकरी गेली, आईला काय तोंड दाखवायचं, सगळं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांच्या सवयीवर तिला सहज ढकलता आलं असतं. पण तिने भिजलेली वही मिटली.

"काकू, चुकलं माझं. ऐकलं तसं लिहून घेतलं. 'हवाबंद' की आणखी काही, हे एकदाही विचारलं नाही. आजोबांनी सांगितलं, तेही ऐकलं नाही."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. वाटलं, आता आमची दोघांची धिंड निघणार. पण काकू हसायलाच लागल्या. हसता हसता खाली बसल्या.

"अगं, इतकी वर्षं कितीतरी साहेब येऊन गेले. ह्याची पुडी, त्याची बाटली. पीक गेलं तर म्हणायचे, तुमची माती वाईट, तुमचा हात वाईट. 'माझं चुकलं' म्हणणारी तू पहिली बघितली." मग त्या उठल्या. "घे ते कडेचे दोन वाफे. पण आधी केस धुऊन दे माझे."

वहीताई रडायचं की हसायचं ते न कळून दोन्ही करत होती. केस धुताना तिने आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला, "काकू, घेवड्यावर माव्याची कीड पडली की तुमची आई काय करायची हो?" आणि काकू पाऊण तास बोलत होत्या. लिहून घ्यायला कोरडी वही नव्हती, म्हणून वहीताईने नुसतं ऐकलं.

खोटं बोलणार नाही. माझ्या पोटातलं जिथे उडालं, तिथला गोठ्याकडेचा घेवडा करपला, कारण ते पाणी मिसळून द्यायचं असतं. काकू त्यावरून तिला अजून चिडवतात. पण त्या दोन वाफ्यांत शेंगा धरल्या, फवारा न मारता. फवाऱ्याने काकूंच्या हातांना वर्षभर सुटणारी खाज थांबली. पुढच्या हंगामात त्यांनी कुणी न मागता सगळं शेत दिलं.

आता वहीताई केंद्रात शिकवते आणि नवी पोरं घेऊन आधी काकूंकडेच येते. सरांनीही वळण बदललंय. ते नकार आधीच म्हणून टाकतात: "नाही! पालापाचोळा जाळायचा..." पुढचं गिळलं तरी आता काही पेटत नाही.

मी मात्र थकलो. बुडाला चीर गेली. मला भंगारात द्यायला निघाले, तेव्हा काकूंनीच अडवलं. माझ्यात माती भरली, दोडक्याचा वेल लावला. पोचा पडलेलं झाकण गोठ्याच्या भिंतीला टांगलंय. नवी पोरं आली की वहीताई ते खाली काढते आणि आधी आजोबांना बोलायला लावते.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादा जुना ड्रम असेल. त्याला टाकू नका, त्याच्या पोटातलं गुडगुडणं ऐका, आणि कळलं नाही तर लाजू नका, विचारा. आता माझं शेवटचं वाक्य. त्याचं शेपूट संपेपर्यंत कुणी उठायचं नाही: झाकण हवं, बंद नको.