जोह्याचा पाट

कागदोपत्री माझं नाव पॅलेट. पण त्या नावाने हाक मारलीत तर मी ओ देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी पाट आहे. जोह्याचा पाट. सध्या मुक्काम मॉरिशसला, समुद्राजवळच्या एका पत्र्याच्या मंडपात.

जन्म मात्र रोह्याचा. खांब गावाजवळ हायवेच्या कडेला एक म्हातारा आंबा होता, रस्ता रुंद झाला तेव्हा तो पडला. त्याच्या फळ्या जनू सुताराच्या वखारीत आल्या आणि त्यातून मी झालो. वर फळ्या, खाली फळ्या, मध्ये जाड ठोकळे आणि फोर्कलिफ्टचे दात शिरायला पोकळ जागा. एवढंच माझं अंग. जनूची नेहमीची गिऱ्हाइकं म्हणजे कंपन्या. माझे भाऊबंद जन्मभर पिंपं वाहत बसले. मलाही तेच करावं लागलं असतं.

पण मला परदेशी पाठवायचं ठरलं. परदेशी जाणाऱ्या लाकडाला आधी भट्टीत शेकून काढतात. आतली कीड मेली पाहिजे, असा तिकडचा कायदा. माणसांसाठी अशी भट्टी का नाही, हे मला अजून कळलेलं नाही. भट्टीतून काढल्यावर माझ्या समोरासमोरच्या दोन ठोकळ्यांवर तापल्या लोखंडाने छाप डागला. बाकीचे ठोकळे खडबडीत, हे दोनच काय ते गुळगुळीत. त्या छापात धान्याची एक लोंबी असते. जग तिला गव्हाची म्हणतं. जनूने बघितली आणि म्हणाला, "भाताची हाय." आता रोह्याचा माणूस दुसरं काय म्हणणार?

मग मी बरेच दिवस वखारीत पडून होतो. दुपारच्या सुट्टीत कामगार माझ्यावर बसून डबे खायचे आणि पत्ते कुटायचे. कोण पान मांडीखाली दाबतं ते मला खालून छान दिसायचं. मी कोणाची चुगली केली नाही, पण मजा भरपूर घेतली.

तिथून मला उचललं ते गडब गावच्या रंभाने. ही पोरगी मोठी खटपटी. हायवेला एक लहानसं ऑफिस टाकून बसली होती. पेणचे पापड, कोणाचे पोहे, कोणाची लोणची, पेणजवळच्या जोहे गावच्या गणेशमूर्ती, असा थोडाथोडा माल गोळा करून ती एकाच कंटेनरमधून बोटीवर चढवायची. एकट्याला अख्खा कंटेनर झेपत नाही, चौघांनी मिळून भरला की झेपतो. एवढी साधी गोष्ट, पण आपल्याकडे चौघं एकत्र येणार म्हणजे आधी आठ भांडणं. ती रंभा मिटवायची.

जोह्यात मूर्तींचा कारखाना चालवणाऱ्या काशीबाईंना तिने फोन केला. "काकी, यंदा मोठी मूर्ती पॅलेटवर बसवून पाठवायची."

रेंज बेताची होती. काशीबाईंना ऐकू आलं, पाटावर.

"मंग गो? गनपती पाटावर नाय बसनार तर काय खुर्चीवर बसनार?"

मी टेम्पोतून उतरलो तेव्हा त्यांनी मला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्यो पाट? सुताराला रंधा मारायचा कंटाला आलावता काय?"

"काकी, पाट नाही. पॅलेट."

"तेच तं म्हनते. पाट."

रंभाने आणखी एकदा सांगून बघितलं आणि नाद सोडला. त्या दिवसापासून सगळ्या कारखान्यात मी पाट झालो. आणि काय सांगू, माझं नशीबच पालटलं! कोणी चपलेचा पाय ठेवला की काशीबाई ओरडायच्या, "पाय काढ, पाट हाय तो!" ज्याच्यावर लोकांनी पत्ते कुटले, त्याला माणसं आता वळसा घालून जाऊ लागली. मी थोडा फुगलो, हे कबूल. पावसाळी हवेत लाकूड तसंही फुगतं.

पण त्या घराला हसायचं कारण नव्हतं. आदल्या वर्षी काशीबाईंनी मॉरिशसला पहिल्यांदा मूर्ती पाठवली, ती एका व्यापाऱ्यामार्फत. पेंढ्यात गुंडाळलेली शाडूची मूर्ती या टेम्पोतून त्या टेम्पोत, त्या गोदामातून या गोदामात, प्रत्येक ठिकाणी माणसांच्या हातांनी चढली आणि उतरली. तिकडे पोचली तेव्हा आशीर्वादाच्या हाताची बोटं तुटलेली. भंगलेली मूर्ती कोण पूजणार? तिकडच्या मंडळाने कळवलं, यंदा एकदा बघू, पुन्हा असंच झालं तर आम्ही दुसरीकडून घेऊ. बाहेरचं हे एक काम टिकलं असतं तर चतुर्थीनंतरच्या रिकाम्या महिन्यांतही कारखान्याचं दार उघडं राहिलं असतं. नाहीतर काशीबाईंचा पोपट कंपनीत शिफ्टला जाणार होता. पोपट म्हणजे त्यांचा मुलगा. मूर्तीचे डोळे तो आखायचा, आणि त्याच्यासारखे डोळे त्या गावातही फार जणांना जमत नव्हते.

आता बोटं तुटली ती हाताळणीने, हे रंभाचं म्हणणं. काशीबाईंचं म्हणणं वेगळं. "व्यापाऱ्याने घाई केली. ना कुंकू लावलं, ना नारळ वाढवला. देवाला असा हमालासारखा धाडतात काय?" यंदा त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

पोपटचंही एक दुखणं होतं. मूर्ती घडवायची जोह्याने आणि जगाने म्हणायचं, पेणचे गणपती! "आये, आपल्या गावाचं नाव कंदी कुनी घेतलाय?" असं तो आखणी करताकरता पुटपुटायचा.

मूर्ती माझ्यावर चढली. भोवती लाकडी चौकट, फटींत फोमचे तुकडे. पेंढा बंद, कारण तिकडचे साहेब पेंढ्यात किडे शोधतात. काशीबाईंनी हळूच दूर्वांची जुडी आत सरकवली, ती रंभाने काढली. त्यांनी अक्षता टाकल्या, रंभाने खाली बसून दाणा न् दाणा वेचला.

"देवाला दूर्वा पन नाय?"

"काकी, गवताचं पान सापडलं तर सगळा माल अडकवतील ते."

"कसला मुलूख गो हा!"

जाताना रंभाने बजावलं, "पॅलेटला दोन बाजूंना छाप आहे. निदान एक तरी स्पष्ट दिसला पाहिजे. नाहीतर गोदामात माल घेणार नाहीत."

इथेच घोळ झाला. एक तरी दिसला पाहिजे, हे दोघांनीही नीट ऐकलं होतं. काशीबाईंना स्वस्तिक काढायला गुळगुळीत जागा हवी होती. छापाचा ठोकळा मिळाला. कुंकू तेलात कालवून त्यांनी त्यावर असं ठसठशीत स्वस्तिक काढलं की लोंबी पार गडप झाली. म्हणाल्या, त्या अंगाला दुसरा हाय ना. तासाभराने पोपट ब्रश घेऊन आला, त्या अंगाला. त्यालाही गुळगुळीत जागाच हवी होती. तिथे त्याने ऑइलपेंटने लिहिलं, जोहे, त्याखाली ता. पेण, जि. रायगड. त्याचंही मन साफ, त्या अंगाला दुसरा आहे ना! मला दोन्ही बाजू एकदम दिसत होत्या. पण मला विचारतो कोण?

टेम्पो निघाला तेव्हा काशीबाई पुढे चढून बसल्या. देवाला एकटं धाडायचं नाही, पोचवायला घरचं माणूस पाहिजे, असं म्हणत. पोपटच्या हातात टर्पेंटाईनची बाटली आणि चिंधी होती, वाटेत रंगाला काही लागलं तर म्हणून.

उरणकडच्या गोदामात रंभा आधीच हजर होती. कंटेनर जवळजवळ भरलेला, माझ्यापुरती जागा राखलेली, शेजारी कोणाच्यातरी पोह्यांची पांढरीशुभ्र पोती. तपासणारे साहेब चष्मा सरसावत माझ्याभोवती एक फेरी मारून आले. मग आणखी एक मारली.

"छाप कुठाय?"

रंभाने या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं आणि कपाळावर हात मारला. काशीबाई पोपटकडे बघत होत्या, पोपट आईकडे.

"छाप नाही तर हे लाकूड आम्ही चढवू शकत नाही," साहेब म्हणाले. "माल उतरवा, दुसऱ्या पॅलेटवर घ्या."

उतरवा म्हणजे पुन्हा माणसांचे हात, पुन्हा ती बोटं. नाहीतर पुढच्या बोटीची वाट बघा. पण ती पोचणार चतुर्थी झाल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडं. रंभा घाईघाईने म्हणाली, "साहेब, छाप डागलेला आहे, शाईचा नाही. वरचा रंग पुसला की दिसेल."

"मग पुसा एक बाजू. आणि नवीन काही काढायचं नाही. ओला रंग शेजारच्या पोत्यांना लागेल."

एक बाजू. कोणती? मी एरवी कोणाचीही गंमत बघतो, पण तेव्हा मला गंमत वाटली नाही. एकीकडे एका आईची भीती होती, दुसरीकडे एका गावाचं नाव.

पोपट वाकला. चिंधी टर्पेंटाईनमध्ये भिजवून त्याने खालच्या ओळीपासून सुरुवात केली. जि. रायगड गेलं. ता. पेण गेलं. हात वरच्या ओळीकडे निघाला आणि काशीबाईंनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे ते."

"आये, तुजं कुंकू हाय त्या अंगाला. मागच्या टायमाला काय झालं, तूच म्हनतेस ना..."

"म्हनते. अजून पन म्हनते. माजं कुंकू देवाला ठावं हाय, रे. आपला गाव तिकडं कुनाला ठावाय?"

आणि चिंधी त्याच्या हातातून घेऊन त्या दुसऱ्या बाजूला आल्या. आधी मला हात जोडले. मला, आंब्याच्या फळ्यांना! मग डोळे मिटून स्वस्तिक पुसलं. उरलेला लालपणा पदराने टिपला. लोंबी वर आली, थोडी लाजल्यासारखी तांबूस.

साहेबांनी चष्मा काढला, परत घातला. "लाल आहे. पण वाचता येतं. घ्या आत."

फोर्कलिफ्टचे दात पोटात शिरले, मला गुदगुल्या झाल्या, आणि दार बंद झालं. बोटीवर पोह्यांच्या पोत्यांनी डोकं उठवलं, ते जाऊ द्या.

मॉरिशसला चौकट उघडली तेव्हा मंडळाच्या लोकांनी आधी बोटंच मोजली. सगळी जागच्या जागी! तिथल्या सगुणाआजींचे पूर्वज कधीकाळी आपल्याच कोकणातून तिकडे गेलेले. त्यांना देवनागरी अडखळत वाचता येते. माझ्या अंगावर बोट ठेवून त्यांनी वाचलं, "जो... हे. जोहे." मग सगळ्यांना सांगितलं, हा देव जोह्याचा आहे. पुढच्या वर्षीची मूर्तीही जोह्याचीच, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तिकडे मूर्ती माझ्यावरून उतरवलीच नाही. कापड घातलं, फुलं लावली, देव माझ्यावरच बसला. चतुर्थीला रंभाने फोन जोडून दिला. फोनच्या काचेत काशीबाई आणि पोपट गालाला गाल लावून दिसत होते. काशीबाईंनी देवाची बोटं बघितली आणि डोळे पुसले. मग त्यांची नजर खाली आली आणि तिथेच थांबली.

"पाटाला कुंकू कुनी लावलं गो?"

सगुणाआजी गोंधळल्या. "मी लावला. पाटाला लावायचा असतो ना?"

पुसलेल्या स्वस्तिकाच्या जागी, त्याच तांबूस लोंबीवर, त्यांनी सकाळीच नवं स्वस्तिक काढलं होतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि मला पाट मानायलाही कोणी शिकवलं नव्हतं! पलीकडे काशीबाई हसत होत्या की रडत होत्या, ते मला कळेना. पोपटला एवढंच म्हणाल्या, "बघ, रं. मी सांगतवते, पाटच हाय त्यो."

विसर्जन झालं. देव समुद्रात गेला. आपल्याकडच्या रिवाजाने माझ्यावर मूठभर वाळू ठेवून लोकांनी मला परत आणलं. आता मंडपाच्या कोपऱ्यात मी पुढच्या गणपतीची वाट बघतो. मला परत जोह्याला नेणारी बोट कधी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा काशीबाई, इथूनच सांगतो. पुढचा पाट धाडाल तेव्हा कुंकू जरूर लावा. फक्त, पाया पडतो तुमच्या, छापापासून जरा सरकून लावा.